लवंगीला 'बस' म्हणू नका

लवंगी आमच्या घरात आली ती माझ्या लेकीच्या, श्रियाच्या हट्टापायी. जॅक रसेल टेरियर, म्हणजे कोल्ह्यांना बिळातून भुंकून हुसकावण्यासाठीच पैदा केलेली जात. सिंगापुरात, यिशुनच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बिळं कुठून आणायची? मग लिफ्ट वाजली की भुंक, शेजाऱ्याच्या किल्ल्या वाजल्या की भुंक. सकाळ-संध्याकाळ पळवली, चेंडू फेकून माझा खांदा निखळायची वेळ आली, पण हिचा दम काही संपेना. मी अगदी मेटाकुटीला आले होते.

शेवटी शेजाऱ्यांनी तक्रार केली. घरमालक मिस्टर ओंग म्हणाले, शनिवारी स्वतः येऊन बघतो; अशीच भुंकत असेल तर कुत्री या घरात राहणार नाही. श्रिया त्या दिवशी जेवली नाही.

"'बस, बस' करून घसा बसला माझा," मी नवऱ्याला म्हणाले. "कारटी ऐकेल तर शपथ."

"ऐकते की," चंद्रशेखर म्हणाला. "तू बस म्हणालीस की बसते. नीट बघ."

बघितलं. किल्ल्या वाजल्या, लवंगी भुंकली, मी "बस" म्हणाले आणि ती टुणकन खाली बसली. श्रियाने लगेच बिस्किट दिलं.

"सो क्लेव्हर लाह! आई, शी नोज मराठी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी बस म्हणत होते ते 'पुरे' म्हणून, आणि श्रियाने तिला बस म्हणजे 'सिट' असं शिकवलं होतं. भुंकलं की बस, बसलं की बिस्किट. आम्ही तिला भुंकायचा पगार देत होतो!

शनिवारी कुणी 'बस' म्हणायचं नाही, बिस्किट द्यायचं नाही, असं ठरलं. ओंग आले. लवंगी भुंकली आणि आमच्या तोंडाकडे बघत राहिली. कुणी बोलेना. आम्हाला ऐकू गेलं नाही असं तिला वाटलं असावं. ती आणखी मोठ्यांदा भुंकली. मग त्याहून मोठ्यांदा.

ओंगनी कानांवर हात ठेवले. "सॉरी, मिसेस. डॉग कॅनॉट स्टे."

मला रडूच फुटायचं बाकी होतं. आम्ही शिकवलं तेच ती बिचारी जीव तोडून करत होती.

"देन वी ऑल्सो कॅनॉट स्टे," मी म्हणाले.

चंद्रशेखर माझ्याकडे बघतच राहिला. हिला कुणाला तरी देऊन टाक म्हणून वर्षभर मीच त्याच्या मागे लागले होते.