पाऊण भागिले अर्धा

विस्तार अधिकारी वही उघडून मागच्या बाकावर बसले, तेव्हा करुणा तांबे कागदी पट्टी घेऊन फळ्याजवळ उभी होती. आरे-वारेच्या पुढच्या या शाळेत शिक्षणसेवक म्हणून तिचं हे तिसरं वर्ष. आजचा पाठ पाहून साहेब देतील तो कायम होण्याआधीचा शेवटचा शेरा.

सहावीच्या फळ्यावर गणित होतं: पाऊण भागिले अर्धा. उलटं करून गुणलं की दीड येतं, हे मुलांनी कालच सोडवलं होतं. आज तिला ते डोळ्यांना दाखवायचं होतं. तिने पट्टीला घड्या घालून चार सारखे भाग केले आणि एक फाडून टाकला.

"ही पाऊण पट्टी. हिच्यातून मूळ पट्टीच्या अर्ध्याएवढे तुकडे किती निघतील?"

दिशा पुढे आली. तिने अर्ध्या पट्टीएवढा तुकडा कापला. "हा एक. उरला पाव." ती जरा थांबली. "म्हणजे सव्वा, बाई."

"मग काल दीड कसा आला?" प्रज्ञेशने बसल्या जागेवरून विचारलं.

करुणाने तुकड्यांकडे पाहिलं. एक आणि पाव. तिलाही सव्वाच दिसत होता.

"नियम सांगा आणि पुढे चला," साहेब मागून म्हणाले. "पोरांचा गोंधळ होतोय."

पुढे जाणं सोपं होतं. पण दिशा तो पाव तुकडा धरून तिच्याकडेच बघत होती. आज टाळलं तर ही पोर पुन्हा काही विचारायची नाही.

"मलाही अजून कळलं नाहीये," करुणा म्हणाली. मागे पेन कागदावर चालू लागलं. तिने तिकडे बघितलं नाही. "आपण मोजतोय काय?"

"अर्धे तुकडे," प्रज्ञेश म्हणाला.

"मग उरलेलंही त्याच मापाने मोजायला हवं. दिशा, तो पाव त्या तुकड्यावर ठेव."

दिशाने ठेवला. खालचा तुकडा बरोबर निम्मा झाकला गेला.

"हा पट्टीचा पाव," ती सावकाश म्हणाली, "पण ह्या तुकड्याचा अर्धा. एक नि अर्धा. दीडच हो, बाई."

तास संपल्यावर साहेबांनी वही पुढे केली. 'पूर्वतयारी अपुरी. पाठ अपूर्ण.' खोटं त्यात काही नव्हतं. करुणाने सही केली.

दाराशी साहेब घुटमळले. "त्या पावाचं मलाही आजच कळलं," ते हळू आवाजात म्हणाले. शेरा मात्र त्यांनी खोडला नाही.

आत दिशा आणखी एक भागाकार करून बघायला नव्या पट्टीला तीन घड्या घालत होती. करुणा तिच्या शेजारी बाकावर जाऊन बसली.