इंग्रजीतला खुलासा

सोनालीनं दूध कंपनीचा कागद शांतलिंग सरांच्या पुढ्यात ठेवला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर आपला मोबाईल ठेवला. सरांनी मोबाईल उचलून तिच्या हातात परत दिला. कागद इंग्रजीत होता, आणि इंग्रजी कागदावर काहीबाही ठेवलेलं त्यांना खपत नसे. त्यांनी चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसला, कागद एकदा वाचला, पुन्हा वाचला, आणि दुसऱ्यांदा वाचताना त्यांचा चेहरा खुलला.

"पहिल्या चार ओळींत तीन चुका आहेत," ते म्हणाले. "आणि हे हैदराबादला बसतात म्हणे."

"त्यांच्या चुका राहू द्या सर," सोनाली म्हणाली. "माझी डेअरी जायला लागलीय."

सरांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. तरी गावात इंग्रजी कागद आला, मग तो विम्याचा असो की पासपोर्टचा, की आधी त्यांच्याच ओसरीवर यायचा. सोनाली तर त्यांचीच विद्यार्थिनी. दहावीला तिला इंग्रजीत एकाहत्तर पडले होते, हे ती विसरली होती, सर विसरले नव्हते.

झालं होतं ते असं. रविवारी सकाळी सोनालीच्या डेअरीतून, म्हणजे गावातल्या दूध संकलन केंद्रातून, गेलेलं दूध कंपनीच्या खव्याच्या भट्टीवर चढलं आणि आटायच्या आधीच गोळा झालं. आख्खी कढई गेली. भट्टीवरच्या माणसांनी बघताक्षणी सांगितलं, यात चीक आलाय. व्यायलेल्या म्हशीचं पहिल्या दिवसांचं दूध म्हणजे चीक. घरात त्याचा खरवस होतो, पण भट्टीच्या कढईत पडला तर तो बाकीचं दूधही सोबत घेऊन जातो. म्हणून व्यायल्यापासून दहा दिवस डेअरीला दूध घालायचं नाही, हा नियम. त्या आठवड्यात गावात एकच म्हैस व्याली होती, विठाबाईची. म्हातारी एकटी, आणि तिच्या दाराशी दुभतं जनावर ते एकच.

कंपनीचा सुपरवायझर शिवानंद सोमवारी सकाळी खुलासा मागणारा हा कागद घेऊन आला होता. गेल्या वर्षी हैदराबादच्या लोकांनी कंपनी घेतल्यापासून सगळा व्यवहार इंग्रजीत चालायचा. खुलासा इंग्रजीत हवा, केंद्र चालवणाऱ्याच्या स्वतःच्या अक्षरात हवा, आणि मंगळवारी दुपारपर्यंत हवा. शिवानंद माणूस भला. जाताना त्यानं हळूच सांगितलं, की मिस्टेक लिहा, फॉल्ट लिहू नका. दूध घालणाऱ्या सभासदाची मिस्टेक झाली म्हणून नाव दिलं तर त्या सभासदाचं दूध कायमचं बंद होईल, पण केंद्र वाचेल. केंद्राचा फॉल्ट म्हणून लिहिलं तर केंद्रालाच कुलूप. दोन्हींत फरक काय, हे त्यालाही सांगता येईना. फरक हैदराबादला कळतो, एवढंच त्याला माहीत होतं.

सात वर्षांपूर्वी सोनालीनं केंद्र मागितलं तेव्हा पारावर हसण्याची एकच लाट उठली होती. बाईमाणूस फॅट बघणार म्हणजे गावाचं दूध पातळ होणार, असं कुणीसं बोललं होतं. आता साठ घरांचं दूध तिच्या मापातून जात होतं आणि हसणारे पहाटे किटली घेऊन तिच्यापुढं रांगेत उभे राहत होते. केंद्रावर तिच्या नावाची पाटी होती. परंड्याकडं जाणाऱ्या एसटीतून दिसेल एवढ्या उंचीवर ती तिनं मुद्दाम लावून घेतली होती. त्या पाटीचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे.

"तर मिस्टेक आणि फॉल्ट," सर सावरून बसले. हा प्रश्न त्यांनी बत्तीस वर्षं शिकवला होता, दोन मार्कांना. "अंधारात सायकलवरून चाललीस, दगड दिसला नाही, पडलीस. ही मिस्टेक. सायकलला ब्रेक नाही हे ठाऊक असून सायकल बाहेर काढलीस, आणि पडलीस. हा फॉल्ट. मिस्टेक हातून होते. फॉल्ट माणसाचा असतो." मग त्यांच्यातला मास्तर जागा झालाच. "आपल्याकडं फॉल्ट फक्त लाईटच्या तारेत सापडतो. माणसात तो आजवर कुणाला सापडलेला नाही."

सोनाली हसली नाही. सरांनी कोरे कागद काढले आणि तासभर खपून दीड पानाचा खुलासा लिहिला. त्यात असं होतं, की सदर दिवशी एका सभासदाकडून अनवधानानं मिस्टेक घडल्याचं निदर्शनास आलं, केंद्राकडून सर्व खबरदारी घेण्यात आली होती, झाल्या गोष्टीबद्दल खेद वाटतो. विठाबाईचं नाव तेवढं मोकळ्या जागेत भरायचं होतं. सरांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. शेवटच्या वाक्यावर ते स्वतःच खूश झाले आणि ते वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं.

खुलासा घेऊन सोनाली परस्पर विठाबाईच्या गोठ्यावर गेली. नाव घालायचं तर आधी विचारायला हवं होतं. म्हातारी म्हशीपुढं कडबा टाकत होती. मावशी, म्हैस व्याली त्याला किती दिवस झाले, असं विचारल्यावर तिनं मान वर न करता सांगितलं, "दोन बाजार झालं की."

विठाबाई दिवस मोजत नसे, बाजार मोजायची. तिची सासूही तसंच मोजायची. म्हैस व्याली की दोन बाजार जाऊ द्यायचे आणि तिसऱ्या बाजाराच्या आत दूध घालायला लागायचं. दोनेक दिवस इकडंतिकडं व्हायचे, पण त्या हिशेबानं आजवर दूध कधी नासलं नव्हतं. गावचा बाजार बुधवारचा. म्हैस मंगळवारी व्याली, दुसऱ्या दिवशी एक बाजार झाला. पण पुढच्या बुधवारी मतदान आलं. मतदानाच्या दिवशी बाजार भरवायचा नाही म्हणून तो आधीच्या शनिवारी भरला. दुसरा बाजार झाला, आणि रविवारी सकाळी म्हातारी निर्धास्तपणे किटली घेऊन डेअरीवर आली. दहा दिवसांच्या जागी पाचच गेले होते.

कंपनीनं खुलासा मागितलाय हे सांगून सोनालीनं बोटांवर मोजून दाखवलं तशी विठाबाईच्या हातातला कडबा हातातच राहिला.

"मंग माज्याच दुधानं नासलं व्हय गं?"

सोनालीनं तिच्या हातातला कडबा घेऊन म्हशीपुढं टाकला. ती तशीच घरी आली आणि सरांचा खुलासा आपल्या अक्षरात उतरवायला बसली. पहिल्या चार ओळी झाल्या. केंद्राकडून सर्व खबरदारी घेण्यात आली होती, या वाक्याशी आल्यावर तिचा हात थांबला.

कारण ते खरं नव्हतं. गुरुवारी विठाबाईनं डबाभर खरवस तिच्याकडं पाठवला होता, गूळ आणि वेलदोडा घातलेला. तो तिनं डेअरीतच उभ्याउभ्या खाल्ला होता आणि बोटंसुद्धा चाटली होती. रविवारी तीच विठाबाई किटली घेऊन पुढ्यात आली तेव्हा म्हैस नुकती व्याली आहे हे साऱ्या गावात तिला सगळ्यांत चांगलं माहीत होतं. चमचाभर दूध दिव्यावर धरलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. तिचा हात चमच्याकडं गेलाही होता. पण मागं पंधरावीस माणसं उभी होती. जिच्या घरचं गोड खाल्लं तिचंच दूध चारचौघांत तापवून बघायचं, म्हणजे म्हातारीला खोटं पाडल्यासारखं. हात मागं आला. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

मंगळवारी सकाळी सरांच्या हातात तिनं जो कागद दिला तो दीड पानांचा नव्हता. सहा ओळींचा होता. एका सभासदाकडून दिवस मोजताना मिस्टेक झाली, कारण मतदानामुळं बाजाराचा वार बदलला. म्हैस व्याल्याचं मला माहीत होतं. दूध तपासणं माझं काम होतं, ते मी भिडेखातर केलं नाही. फॉल्ट माझा आहे. सभासदाचं दूध बंद करू नये. खाली सही.

"हे मी लिहिलेलं नाही," सर म्हणाले.

"न्हाय सर. हे माझं हाय."

"हे गेलं तर डेअरी जाईल."

"जाईल," सोनाली म्हणाली. तिची मान खाली गेली नाही. "पण सायकलला ब्रेक न्हाय हे मला ठाऊक होतं सर."

सरांनी कागद पुन्हा वाचला. बत्तीस वर्षांत कितीतरी पोरांनी तो फरक पाठ केला, पेपरात लिहिला, दोन मार्क घेतले आणि शाळेच्या फाटकाबाहेर सोडून दिला. त्यातल्या दोघांतिघांना पुढं मोठ्या नोकऱ्या लागल्या, त्यांच्याबद्दल सर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असत. आज त्यांना जो अभिमान वाटला तसा त्यातल्या एकाबद्दलही कधी वाटला नव्हता. तो कसा दाखवावा हे न कळून त्यांनी तिला चहा घेणार का म्हणून विचारलं.

चहा व्हायच्या आत विठाबाई आली. परटघडीचं लुगडं नेसून, तालुक्याला निघाल्यासारखी. ओसरीच्या पायरीवर ती बसली नाही, उभीच राहिली.

"माजं नाव लिवलंय का न्हाय त्यात?"

नाव नाही, असं सरांनी सांगितलं. त्यांना वाटलं म्हातारीचा जीव भांड्यात पडेल. झालं उलटंच, तिच्या कपाळाला आठी पडली.

"का न्हाय? म्या कुणाच्या पदराआड लपत न्हाय सर. इतकी वर्सं दूध घालायले, पान्याचा एक थेंब घातला न्हाय. आता चुकलं तर चुकलं."

मग सरांना तिलाही फरक समजावून सांगावा लागला. मिस्टेक म्हणजे न कळत चुकलं ते. फॉल्ट म्हणजे कळत असून होऊ दिलं ते. कागदात पहिलं एका सभासदाचं म्हटलंय, दुसरं सोनालीनं स्वतःच्या नावावर घेतलंय. विठाबाईनं नीट ऐकून घेतलं.

"मंग तिचं तिला असू द्या," ती म्हणाली. "माजं मला द्या."

सोनालीनं तिला परोपरीनं सांगून पाहिलं, की नाव गेलं तर दूध बंद होईल. म्हातारी हलेना. शेवटी सरांनी सोनालीकडं पाहिलं आणि कागद पुढं सरकवला. एका सभासदाकडून या शब्दांवर रेघ मारून सोनालीनं विठाबाईचं नाव लिहिलं. खाली तिच्या सहीशेजारी विठाबाईनं सही केली. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही होती. एकेक अक्षर लावायला तिला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ चहा निवत राहिला.

दुपारी शिवानंद मोटारसायकलवरून आला. इंग्रजी तो बोट फिरवत वाचायचा. बोट दुसऱ्या सहीपाशी थांबलं. ज्यानंत्यानं दुसऱ्याचं नाव सांगितलेले खुलासे त्यानं पोत्यानं नेले होते, असला नेला नव्हता. हवं तर मी तासाभरानं येतो, तोवर दुसरा लिहा, असं तो म्हणाला. गरज न्हाय, असं सोनालीनं सांगितलं. त्यानं कागदाची घडी केली, पिशवीत न टाकता शर्टाच्या खिशात ठेवली, आणि उत्तर यायला चार दिवस तरी लागतील, तोवर डेअरी चालू ठेवा, म्हणाला.

तो गेल्यावर सरांनी आपला दीड पानी खुलासा परत मागून घेतला आणि एकदा वाचला. इंग्रजी निर्दोष होतं. फक्त त्यात कुणी माणूस नव्हता. अंघोळीच्या बंबात त्यांनी तो सारला.

बुधवारी मतदान झालं. गुरुवारी विठाबाईच्या म्हशीचे दहा दिवस भरले.

शुक्रवार उजाडला तरी उत्तर आलं नव्हतं. पहाटे रांगेत सर पहिले होते, त्यांच्या घरी एक गाय होती आणि ती व्यायलेली त्याला चार महिने होऊन गेले होते. मागं विठाबाई, तिच्या मागं बाकीचं गाव. कुणाचा फॉल्ट, कुणाची मिस्टेक, हे दोन दिवसांत घरोघरी झालं होतं आणि आता ही बाई म्हातारीपुढं काय करते हे बघायला काही जण किटलीत दूध नसतानाही आले होते.

सोनालीनं दिवा पेटवला. सरांच्या किटलीतलं चमचाभर दूध घेतलं आणि ज्योतीवर धरलं.

"सरांचं पण तपासायचं?" मागून कुणीतरी विचारलं.

"सगळ्यांचंच," सोनाली म्हणाली. "सर, दोन मिनिटं थांबावं लागंल."

"थांबतो की," सर म्हणाले, आणि वर्गात नाव पुकारलेल्या पोरासारखे ताठ उभे राहिले.

दूध उकळलं, फाटलं नाही. सोनालीनं ते माप करून ओतून घेतलं आणि चमचा धुतला. आपलं काम झालं तरी सर घरी गेले नाहीत, बाजूला भिंतीशी उभे राहिले. विठाबाई पुढं झाली. तिनं किटली टेबलावर ठेवली, आपल्या हातानं झाकण काढलं, आणि चमचा पोचावा म्हणून किटली सोनालीच्या बाजूला जरा कलती धरली.