रेघेपर्यंतची बारा मिनिटं

१२.२९

छबूबाईनं मनगट डोळ्यांजवळ नेलं. घड्याळ पुरुषी होतं. दाभण तापवून पट्ट्याला जादाचं भोक पाडलं होतं, तरी हात वर केला की ते कोपराकडं घसरायचं. मोठा काटा सहाच्या जरासा अलीकडं.

मग तिनं खाली पाहिलं. विहिरीच्या काठावर मोटेच्या काळातला एक दगडी खांब आहे. मोट गेली, बैल गेले, खांब राहिला. त्याच्या बुडापासून उत्तरेकडं, फरशीवर, छिन्नीनं ओढलेली रेघ आहे. खांबाची सावली त्या रेघेपासून अजून पाच बोटं लांब होती.

घड्याळ म्हणत होतं, झालं.

रेघ म्हणत होती, थांब.

तिची मोटार चालू होती. पाणी कांद्याच्या वाफ्यात पडत होतं. लाईट साडेआठला येते, साडेचारला जाते. साडेबारापर्यंत विहीर छबूबाईची, तिथून पुढं पुतण्याची, गहिनीनाथची. साडेबाराला लाल बटण दाबायचं आणि घरी जायचं. दीड महिना ती रोज दाबत होती.

बटण हाताशीच होतं.

१२.३०

दाबलं नाही.

पलीकडच्या काठावर, गहिनीनाथच्या स्टार्टरच्या पेटीत, टक् झालं. त्याची मोटार आपोआप सुरू झाली. संक्रांतीपासून ती अशीच सुरू होते. माणूस लागत नाही.

१२.३१

दोन्ही मोटारी एकदम चालल्या की व्होल्टेज पडतं. तिच्या जुन्या मोटारीला त्याचं काही वाटत नाही. त्याची नवी आहे, नाजूक आहे. ती घरघरली आणि बंद पडली.

आता मशीनमधली बाई त्याला फोन करत असेल.

ती बाई छबूबाईला माहीत होती. संक्रांतीला गहिनीनाथनं मोबाईल स्टार्टर बसवला तेव्हा स्पीकर लावून ऐकवलं होतं. ‘नमस्कार. आपली मोटार बंद झाली आहे.’

‘कोन रं ही?’

‘मशीन हाय, मोठ्याई.’

‘मशीन हाय तर नमस्कार कशाला घालती?’

तो खूप हसला होता. मग त्यानं स्वतःच्या हातातलं घड्याळ काढलं, लग्नात सासऱ्यानं दिलेलं, आणि तिच्या मनगटाला बांधलं. ‘मला आता ह्यात सगळं दिसतंय,’ मोबाईल दाखवत तो म्हणाला, ‘हे तुला. साडेबाराला तू तुझी बंद करायची. माझी आपसूक चालू व्हती. हाका मारायची कटकट गेली.’

मशीनमधली बाई कधीही फोन करो, तो पहिल्या रिंगला उचलतो. छबूबाईनं केला तर, ‘मोठ्याई, दुकानात गिऱ्हाईक हाय, मग करतो.’

१२.३२

हाका अशा होत्या:

‘सावली आली रे!’

आधी ही हाक तिचा नवरा वैजनाथ भावाला मारायचा. दोघे वेगळे झाले त्या वर्षी दोघांनीच मिळून ती रेघ ओढली होती. एकानं छिन्नी धरली, एकानं हातोडा मारला. सावली रेघेवर आली की विहिरीची पाळी बदलायची. पुढं दीर गेला, मग वैजनाथ गेला, मुलगी राजनंदिनी नोकरीला पुण्यात गेली. हाक छबूबाईकडं आली. सहा वर्षं तीच मारत होती. वावरापलीकडच्या घरातून गहिनीनाथ ‘आलो!’ म्हणायचा आणि यायचा. खर्ड्याला त्याचं पाईपांचं दुकान आहे, पण दुपारी जेवायला तो घरी असतो. आपली मोटार चालू करायचा, खांबाला टेकायचा, तिच्या फडक्यातली भाकरी न विचारता मोडायचा. दुकानातलं सांगायचा. बायको अश्विनी काय म्हणाली ते सांगायचा. दहा मिनिटं. कधी पंधरा.

दिवसभरात तिच्याशी कोणी बोलायचं ते एवढंच.

१२.३३

काही नाही.

त्याची मोटारसायकल घरासमोर उभी होती. इथून दिसते.

फडक्यात दोन भाकरी होत्या. ठेचा होता. त्यानं यावं. भांडायला येऊ दे, पण यावं.

१२.३३

अजून तेच.

१२.३४

घड्याळ नव्हतं तेव्हा तिला वेळ विचारायला लोक यायचे. लोक म्हणजे वाटेनं जाणारे, शेळ्या राखणारे. ‘छबूबाई, जामखेडची गाडी गेली का?’ ती हातातलं खुरपं न थांबवता सांगायची, ‘आजून पाव तास हाय.’ पाव तासानं वळणावर गाडीचा आवाज यायचा. हे तिला कुठून कळायचं ते तिला सांगता आलं नसतं. तळपायाखालची माती एका ठरावीक वेळी चटका द्यायला लागते. कांद्याची पात जराशी मान टाकते. पोटात एक जागा आहे, ती रिकामी झाली की साडेअकरा. ढगाळ दिवशीसुद्धा.

घड्याळ आल्यावर पहिले आठ दिवस ती दोन्ही पडताळून बघायची. पोट म्हणायचं साडेअकरा, घड्याळ म्हणायचं साडेअकरा. गंमत वाटायची. मग ती आधी घड्याळ बघायला लागली आणि नंतर पोटाला विचारायला लागली. मग पोटाला विचारायचं राहूनच गेलं. परवा जेवण झाल्यावर तिच्या लक्षात आलं की भूक नव्हती. एक वाजला होता म्हणून ती जेवली होती.

मागच्या सोमवारी एकजण वाटेत थांबला. ‘मावशी, किती वाजलं आसतील?’ तिनं मनगट वर केलं, काटे मोजले, पाच, दहा, पंधरा, वीस. तोवर त्यानं खिशातून मोबाईल काढून बघितलं होतं.

१२.३६

‘मोठ्याई!’

बांधावरून तो आला, हात उष्टा, बनियनवर.

‘मोठ्याई, बंद कर की मोटार! किती वाजलं बघ!’

‘बघती की. बारा छत्तीस.’

तो थांबला. ‘ध्यानातच न्हाई राहिलं’ असं काहीतरी ती म्हणेल, असं त्याला वाटलं असावं.

‘मग?’

‘मग काय? सावली आली न्हाई आजून.’

त्यानं तिचा हात धरला, घड्याळ पुढं ओढलं आणि मोबाईल शेजारी धरून बघितला. तिचा हात डाव्या हातानं धरला होता; उष्ट्या उजव्याच्या दोन बोटांत मोबाईल होता. संक्रांतीला त्यानंच घड्याळ बांधलं होतं, त्यानंतर तिच्या हाताला दुसऱ्या माणसाचा हात आजच लागत होता.

‘घड्याळ तर बराबर हाय.’

‘तुझ्या सासऱ्याचं हाय. बराबर आसंलच.’

‘मुद्दाम करती व्हय तू?’

‘मुद्दाम काय करायचं हाय मला?’

१२.३७

‘मुद्दामच. ताटावरनं उठवलं मला. ती बाई कोकलती हिकडं, मोटार बंद झाली, मोटार बंद झाली. अश्विनी म्हनली जळली वाटतं.’

‘तिला सांग, जळली न्हाई.’

‘सात मिन्टं माझं पानी घ्यायचं म्हंजी काय?’

‘आन् दिवाळीत? दिवाळीत सावली लवकर येती. तवा तुझ्याच घड्याळानं मी आठरा मिन्टं आधी तुला विहीर मोकळी करून देती. ते कुठं गेलं?’

‘दिवाळीत विहीर काठोकाठ आसती, मोठ्याई! तवा कोन इचारतंय? आता तळ दिसाया लागलाय. आताचं मिनिट ते मिनिट.’

ते खरं होतं.

‘वर्सात फिटतं,’ ती म्हणाली, ‘आसं तुझा चुलता म्हनायचा.’

‘चुलत्यानं रेघ मारली तवा लाईट व्हती का?’

तो तिच्या पेटीकडं गेला. लाल बटणावर बोट ठेवलं.

‘थांब की,’ ती म्हणाली. ‘आलीच हाय. रेघेवर येऊ दे, मग तूच दाब.’

१२.३८

‘कुठं हाय तुझी सावली?’

तो खांबापाशी उकिडवा बसला. रेघ धुळीनं भरली होती. त्यानं बोटानं ती साफ केली.

‘ही दोन बोटं राहिलीत. ह्याला किती वेळ?’

‘चार मिन्टं.’

‘घड्याळ बघून सांगितलं.’

‘न्हाई.’

खरंच नव्हतं बघितलं. तिचं तिलाच नवल वाटलं. हात मांडीवर होता, घड्याळ खाली तोंड करून लोंबत होतं, आणि चार हा आकडा पूर्वी यायचा तसाच आला होता, तळपायाकडून.

१२.३९

अर्धवट जेवलेला माणूस. फडकं शेजारीच होतं. त्यानं न विचारता भाकरी मोडली, ठेचा लावला, घास तोंडात घातला आणि हा-हू करायला लागला.

‘लई तिखट.’

‘तुला लागतो तसाच हाय.’

‘आता बंद हाय मला तिखट. पित्तानं पार जीव गेल्ता. डॉक्टरनं सांगितलंय, मिरचीला हात लावू नको.’

‘कवा?’

‘झाला की महिना.’

तिनं पाण्याची बाटली त्याच्याकडं सरकवली. महिना. पूर्वी त्याला शिंक आली तरी त्याच दुपारी तिला कळायचं.

‘मला कोनी सांगितलं न्हाई,’ ती म्हणाली.

‘त्यात काय सांगायचं,’ तो पाणी पिऊन म्हणाला.

१२.४०

तो बोलत होता. पाईपांचे भाव. अश्विनीच्या भावाचं लग्न. पार्थला, त्याच्या मुलाला, पुढच्या वर्षी नगरला हॉस्टेलवर टाकायचं म्हणतोय, पण त्याची आई रडते. छबूबाई ऐकत होती आणि

१२.४१

फोन वाजला. दुकानातला होता. ‘आलो, आलो, बसव त्यांला.’

एक बोट. अर्धं.

१२.४२

‘आली,’ तोच आधी म्हणाला.

सावली रेघेवर बसली होती. रेघ दिसेनाशी झाली. त्यानं जराशी मान वाकडी करून बघितलं.

‘आयला, खरंच की. चार मिन्टं.’

त्यानं लाल बटण दाबलं. तिची मोटार थांबली. त्यानं मोबाईलवर बोट टेकवलं, त्याची सुरू झाली. उठला, बनियनला हात पुसले.

‘रोज ह्यो घोळ नको, मोठ्याई. मी करतो कायतरी.’

‘काय करतो?’

‘बघतो. करतो.’

आणि गेला.

मी करतो काहीतरी. हे वाक्य घेऊन ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी ते तिच्याजवळ होतं, तिसऱ्या दिवशीही. ती साडेबाराला वेळेवर बटण दाबत होती. त्याला आता कळलंय, तो करणार आहे. रोज नाही येणार, दुकान आहे त्याला. एक दिवसाआड येईल. तेवढं पुरे.

रविवार, सकाळी ८.१०

तो आला. हातात पेटी, पाना, टेप. लाईट यायच्या आत काम उरकायचं होतं. छबूबाईनं चहा ठेवते म्हटलं, तो नको म्हणाला, आंघोळ राहिलीय.

‘मी लई इचार केला,’ स्क्रू पिळत तो म्हणाला. ‘तुझंबी खरं हाय, माझंबी खरं हाय. म्हनून मधलं काढलं. बारा छत्तीस. सहा मिन्टं तुझी, सहा माझी. तुझी मोटार बारा छत्तीसला आपसूक बंद व्हनार, माझी आपसूक चालू. तुझ्या मोबाईलचा नंबर टाकलाय ह्यात. ती बाई तुलाच फोन करंल.’

‘मला कशाला?’

‘बंद झाली म्हनून सांगाया. आता तुला उन्हात हिकडं यायचीच गरज न्हाई, मोठ्याई. घरात बस निवांत. मला काय कळत न्हाई का? तुझं वय झालं. मी अश्विनीला म्हनलो, म्हातारीला रोज एवढ्या लांब चालाया लागतंय, म्हनून ती चिडून आसं करती.’

तो हे मनापासून बोलत होता. तोंडावर घाम होता. नवी पेटी त्यानं स्वतःच्या दुकानातून आणली होती.

तिला सांगायचं होतं. वाक्य जवळजवळ तयार होतं. पण ते सांगायचं म्हणजे, तू ये, असं म्हणायचं, आणि पुतण्याला, पोराबाळांच्या धन्याला, कुठलंही काम नसताना ये असं कसं म्हणायचं? पाळीसाठी हाक मारता येते. त्याच्याशिवाय काय म्हणून मारायची?

‘बरं केलंस,’ ती म्हणाली.

१२.३६

सोमवार. ती आलीच होती. खांबाजवळ बसली होती.

मोटार आपोआप बंद झाली. पलीकडची आपोआप सुरू झाली. पिशवीतला फोन वाजला. तिनं पहिल्या रिंगला उचलला.

‘नमस्कार. आपली मोटार बंद झाली आहे.’

‘सावली यायची हाय आजून,’ छबूबाई म्हणाली.

‘आपली मोटार बंद झाली आहे,’ बाई म्हणाली आणि फोन कट झाला.

छबूबाईनं पट्टा सोडला. मनगटावर फिकट कडं उमटलं होतं. घड्याळ फरशीवर पालथं ठेवलं. डोळे मिटले. पाय चपलेतून काढून दगडावर टेकवले.

पाण्याचा आवाज. लांब एक ट्रॅक्टर. दगडाचा चटका आधी टाचेला, मग चवड्याला. ती थांबली. पोटातली जागा. ती थांबली.

‘सावली आली रे!’

डोळे उघडले. सावली रेघेवर होती, एका बाजूलाही रेघ बाहेर दिसत नव्हती.

वावरापलीकडं मोटारसायकल उभी होती. दार लोटलेलं होतं. त्याच्या वाफ्यात पाणी पडत होतं, सहा मिनिटांपासून, मोठ्यानं.

तिनं फडकं सोडलं. एक भाकरी खाल्ली. दुसरी आणि तिच्यासोबतचा ठेचा तसाच परत बांधला. आज ठेच्यात मिरची कमी घातली होती.