परग्रहावरच्यांचं गाऱ्हाणं

स्नेहाने टीव्हीच्या मागे हात घालून वायर खोचली आणि आजोला दंडाला धरून खुर्चीत बसवलं. रविवारची दुपार, पोटात सुंगटांची कढी, आजोचे डोळे मिटायच्या बेतात होते. पण आज त्याला झोपू देऊन चालणार नव्हतं.

"आजो, ही सिरियल बघ. चंद्र-सूर्याच्या पलीकडली गजाल आसा."

"थंय नुस्ता गावता?" महादेवने विचारलं.

मासळी मिळत नसलेल्या जगाशी त्याला काही कर्तव्य नव्हतं. तरी नातीच्या शब्दाखातर तो सावरून बसला.

खाणीचा खड्डा वाढत वाढत वाड्यातल्या घरांच्या पाठीला येऊन भिडला होता. कंपनीने धारगळला घरं बांधून दिली होती, सगळा वाडा बोचकी बांधून बसला होता, आणि सगळं अडलं होतं ते या एका म्हाताऱ्यापाशी. वाड्याच्या देवाला, राखणदाराला, सांगितल्याशिवाय कुणी उंबरठा ओलांडणार नव्हतं, आणि राखणदारापुढे गाऱ्हाणं घालायचा मान महादेवच्या घराण्याचा. त्याला विचारलं की कधी त्याचे गुडघे दुखायचे, कधी अमावास्या आडवी यायची. तोवर इकडे त्याच्या सुनेचा, मालतीचा, दमा वाढत चालला होता. भांडी घासता घासता ती मध्येच थांबून भिंतीला हात टेकायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, औषधाने भागणार नाही, ही धूळ सोडा. स्नेहाला तुयेच्या कारखान्यात जायला धारगळ जवळ पडणार होतं हे खरं, पण तिची घाई आईसाठी होती. म्हणून तर तिने बरीच शोधाशोध करून हा भाग निवडला होता. त्याचा शेवट गोड होता.

गोष्ट अशी होती, की एका ग्रहाच्या पोटात मोठं मोलाचं खनिज सापडतं. ते काढायचं तर वरची माणसं हलवायला हवीत. मग अंतराळयानातून आलेले लोक त्यांना औषध देऊन झोपवतात आणि तशाच झोपेत दुसऱ्या ग्रहावर नेऊन ठेवतात. तिथे तीच नदी, तोच डोंगर, तशीच घरं हुबेहूब उभी केलेली. माणसं जागी होतात, पोरं नदीवर धावतात, कुणाला काही कळतही नाही. कप्तान लांबून बघतो आणि डोळे पुसतो.

"बरो माणूस गो तो कप्तान," शेजारची सत्यवती काकी म्हणाली. ती अबोलीचा वळेसर गुंफता गुंफता बघत होती. "कितको गोड उलयता! आमच्याकडे आयिल्लो सायब बसूकसुद्धा नाय."

"गोड उलयलो म्हणान काय झाला?" गुरुदास म्हणाला. हा स्नेहाचा बाप. त्याच खाणीचा माल ट्रकमधून वाहून त्याने संसार केलेला. "न्हिदलेल्या माणसाक उचलून व्हरप म्हणजे चोरीच." एवढं बोलल्यावर त्याला लेकीचे वटारलेले डोळे दिसले. "पण घरां मात्र बरी बांधल्यानी हां," तो घाईने म्हणाला.

मालती अजून पडद्याकडेच बघत होती. "पानां कशी हिरवीगार आसत बघ," ती म्हणाली. इथल्या झाडांची पानं वर्षातले आठ महिने धुळीने तांबडी असायची. तिला अजून काही म्हणायचं होतं, पण खोकला आला.

सगळ्यांनी महादेवकडे पाहिलं. तो हनुवटी खाजवत होता.

"त्यांच्या देवाक कोणी सांगला?" त्याने विचारलं.

"आजो, त्या लोकांक देव नाय. पुढारलेले ते."

"देव नाय, मगे न्हिदवून कित्याक व्हेले? जाग्या माणसाक सांगूक भियेले ते."

स्नेहाचा संयम सुटला. इतक्या खटपटीने आणलेल्या गोष्टीतून म्हाताऱ्याने नेमका खडा शोधून काढला होता.

"तू बस तुझ्या देवाक घेऊन! हंय माझी आई मरतली!"

काकीचे हात थांबले. मालती म्हणाली, "गो, असा बोलू नये," आणि पदर तोंडाला लावून आत गेली. आतून बराच वेळ तिचा खोकला ऐकू येत राहिला. महादेव दाराकडे बघत होता.

"त्या लोकांनी सांगान जावक होया आसला," शेवटी तो म्हणाला. "आमी सांगान जावया. फाल्या सकाळी नारळ घेवन ये."

स्नेहाला आनंद लपवता येईना. आपली युक्ती चालली म्हणून तिने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली, आणि त्या रात्री ती गाढ झोपली.

सकाळी सगळा वाडा सातविणीखाली जमला. झाडाच्या बुंध्याशी राखणदाराची शिळा, तिच्यापुढे पानविडा आणि नारळ. महादेवने डोक्याला मुंडासं बांधलं होतं. मागे उभं राहून हो म्हणायला इथे कुणाला शिकवावं लागत नाही. गाऱ्हाणं घालणाऱ्याचा आवाज शेवटाला चढला की पोरासोरांपासून सगळ्यांची तोंडं आपोआप उघडतात. त्यातून आज निम्म्यांचं चित्त सामानात आणि टेम्पोत.

"बा देवा राखणदारा, आज ही तुझी लेकरां तुका सांगूक तुझ्या पायांकडे आयली आसत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ती खुशयेन जायनत, तेंच्यार राग धरू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"नव्या जाग्यार तेंका सांबाळ, माझ्या सुनेक सुखान श्वास घेवक दी रे म्हाराजा!"

कालचे आपले शब्द आठवून स्नेहाला लाज वाटली, आणि तिने सगळ्यांहून मोठ्याने साद दिली. "व्हय म्हाराजा!"

"आनी तुका हंय एकलो सोडून गेलो, असा कोणी म्हणूक नको. म्हणान हो एक म्हातारो तुका दिलो. तेका वाडो सुटच्या आदीच हंय तुझ्या पायांकडे घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

साद घुमून गेली, आणि मगच ती काय होती ते एकेकाच्या ध्यानात आलं. सत्यवती काकीने तोंडावर हात ठेवला. आपण आजोचं मरण मागितलं हे स्नेहाला कळलं.

"बाबा, ह्या काय?" गुरुदास पुढे झाला. "परत घे ता!"

महादेवने नारळ फोडला. पाणी शिळेवर ओतलं.

"आता परत कसा घेवचा? सगळ्यांनी व्हय म्हटला मगे."

राखणदारापुढे दिलेला शब्द या वाड्यावर आजवर कुणी मागे घेतला नव्हता. मालती बुंध्याला टेकून रडत होती, आणि रडतानाही तिला श्वास पुरत नव्हता.

महादेव खोबऱ्याचे तुकडे वाटत एकेकाजवळ गेला. चालताना गुडघ्यावर हात ठेवायचं त्याला सुचलंही नाही. स्नेहाच्या हातावर त्याने मोठा तुकडा ठेवला आणि तिची मूठ मिटून दिली.

"आता टेम्पोवाल्याक फोन कर गो बाय," तो म्हणाला. "आवयक फुडे बसय, डायवराकडे. फाटल्यान धूळ येता."