सीटवाली घाट चढते

गावात तिला सगळे सीटवाली म्हणत. मोटारसायकलींच्या सीटा शिवायचं तिचं दुकान होतं आणि गेली अठ्ठावीस वर्षं ती ते एकटीच चालवत होती. फाटलेलं कव्हर उसवायचं, आतला बसका फोम कापून नवा चिकटवायचा, वरून रेक्झिन ताणून खालून पिना ठोकायच्या. हात असा बसला होता की गप्पा मारता मारता शिलाई सरळ यायची. आलेली सीट नुसती उलटसुलट करून ती सांगायची, "तुम्ही डावीकडे कलून बसता. कंबर धरते ना?" गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं.

तिचा नवरा ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. त्याला सगळे मास्तर म्हणत. दुकानाला लागूनच त्याची खोली, दारात दोन-दोन ब्रेकांची गाडी आणि तिच्या टपावर 'शिकाऊ' अशी पाटी. गावातले निम्मे ड्रायव्हर त्याच्या हाताखालून गेले होते. बायकोला मात्र त्याने कधी शिकवलं नाही. लग्नानंतर तिने एकदा विचारलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, "तुझ्या हाताला घाई आहे. घाईचा हात मशीनवर चालतो, रस्त्यावर नाही." हे वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं की पुढे तो ते चारचौघांत ऐकवायला लागला. ती हसून सोडून द्यायची. सोडून कसली, गिळायची.

तिच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या सीटा एकाच रस्त्यावर घासलेल्या असायच्या. गावाबाहेरून निघणारा हमरस्ता तळ्याच्या काठाकाठाने जायचा, मग घाट चढायचा आणि पलीकडे थेट समुद्रावर उतरायचा. लांबलांबून लोक मोटारसायकली घेऊन त्यासाठी यायचे. दुकानात बाकावर बसून त्याचंच वर्णन करायचे. कुठल्या वळणावर तळं एकदम पायाखाली येतं, कुठे डोंगरातून पाणी रस्त्यावर ठिबकतं, माथ्यावर वारा हेल्मेट कसं खेचतो. ऐकून ऐकून तिला तो रस्ता पाठ झाला होता. स्वतः ती एकदाच तिथून गेली होती, मास्तरच्या गाडीतून. काचा वर होत्या, आणि चढ संपेपर्यंत तो लोकांच्या चुका मोजून दाखवत होता.

ती पंचावन्न वर्षांची असताना एका सकाळी टपालवाली सीट घ्यायला आली. डोंगरातल्या वस्त्यांवर ती मोटारसायकलवरून टपाल वाटायची. चाळिशीची, अंगाने काटक, बोलायला फटकळ.

"ताई, काम झकास झालंय," ती सीटवर थापट मारत म्हणाली. "पण चढावर मी पुढे घसरते. तुम्ही कधी चढावर बसून बघितलंय?"

सीटवालीने उत्तर द्यायच्या आत दारातून मास्तर हसला. "ती? तिला साधी सायकल येत नाही! तिच्या हाताला..."

"घाई आहे," टपालवालीने वाक्य पुरं केलं. "माहितीये. मीही तुमच्याकडेच शिकले, मास्तर. माझ्या हाताबद्दलही तुम्ही हेच म्हणाला होतात. माझ्या बहिणीच्याही."

सीटवालीच्या हातातली कात्री थांबली. तीस वर्षं ते वाक्य आपल्या एकटीचं आहे असं ती समजत होती. आपल्या हातात खरंच काही खोट असेल, असंही तिला अधूनमधून वाटायचं. आणि हा माणूस ते दिसेल त्या बाईला वाटत फिरत होता!

मास्तर आत गेल्यावर तिने टपालवालीला हळूच विचारलं, "तुम्हाला सुट्टी कधी असते?"

"रविवारी. का?"

"मला शिकवा."

विटांच्या बंद भट्टीमागे मोकळं मैदान होतं. पहिल्या रविवारी टपालवालीने गाडी सुरूच केली नाही. "आधी पाडा," ती म्हणाली.

"काय?"

"गाडी आडवी पाडा आणि उचला. पडणार तर तुम्ही आहातच. तेव्हा उचलायला मी नसेन."

गाडीकडे पाठ करायची, कंबर सीटला टेकवायची, एक हात हँडलला, दुसरा मागच्या दांडीला, आणि पायांनी मागे रेटत उभं राहायचं. पहिल्या दिवशी सीटवालीच्या नाकी नऊ आले. चौथ्या रविवारी गाडी उभी राहिली. दहाव्या रविवारी ती मैदानाला फेऱ्या मारायला लागली. गाडी बंद पडायची, ढोपरं फुटायची, तरी सोमवारी दुकान उघडायचं ते शीळ घालतच. एका गिऱ्हाइकाने परदेशी जाताना आपली लाल मोटारसायकल विकायला काढली, ती तिने घेतली आणि टपालवालीच्या अंगणात ठेवली. तिची सीट मात्र स्वतः शिवली. पुढचा भाग किंचित उंच, चढावर घसरू नये असा. मग तशीच एक टपालवालीलाही शिवून दिली.

लायसन्सच्या परीक्षेला गेली तेव्हा गोष्ट फुटली. परीक्षक मास्तरच्या रोजच्या उठण्याबसण्यातला. अर्ज बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"वहिनी, मास्तरांना विचारलंत का?"

"परीक्षा त्यांची आहे की माझी?"

"तसं नाही, पण या वयात..."

"वयाचा रकाना भरलाय मी. खाली बघा. आणि मला 'आठ' कुठे काढायचाय ते सांगा."

जमिनीवर पांढऱ्या पट्ट्यांनी आठचा आकडा आखला होता. पाय न टेकवता त्यावरून गाडी फिरवायची होती. तिच्या आधीच्या दोन तरण्याबांड पोरांनी पाय टेकवले होते. तिने एकदाही टेकवला नाही. परीक्षकाने मुकाट्याने सही केली आणि तिची पाठ वळताच फोन उचलला.

घरी मास्तर वाटच बघत होता. आवाज चढला नाही त्याचा, तो कधीच चढत नसे. "माझं हसं केलंस," तो म्हणाला. "लोक म्हणतील, मास्तरची बायको दुसऱ्याकडे शिकली."

"लोकांना काय म्हणायचंय ते म्हणू दे. तुम्ही तीस वर्षं म्हणत होतातच की."

"बरं, हौस फिटली ना? आता गाडी विकून टाक."

"उद्या सकाळी मी घाटाने समुद्रावर जाणार आहे. परवा येईन."

"मी परवानगी दिलेली नाही."

"मी मागितलेली नाही."

सकाळी सातला ती निघाली. गाव मागे पडलं आणि तळं सुरू झालं. वाऱ्याने पाण्यावर बारीक चुण्या पडल्या होत्या. रस्ता काठाला इतका लगटून जात होता की ओल्या चिखलाचा वास थेट नाकात शिरत होता. लोकांनी सांगितलेलं सगळं खरं होतं, पण त्यांनी अर्धंच सांगितलं होतं. वळणावर गाडी कलली की जमीन कशी गुडघ्यापाशी येते, हे कुणी बाकावर बसून बोललं नव्हतं. ती हेल्मेटच्या आत मोठ्याने हसली. आपलंच हसू आपल्याच कानात एवढं मोठं वाजतं, हेही तिला पहिल्यांदाच कळलं.

घाटाच्या पायथ्याशी मागून हॉर्न वाजला. आरशात बघते तर दोन ब्रेकांची गाडी, टपावर पाटी! मास्तर खिडकीतून डोकं काढून ओरडत होता, "कडेने! कडेने घे! वळणाआधी हॉर्न दे!"

तीन वळणं तिने सहन केलं. त्याच्या प्रत्येक हाकेसरशी तिचा हात दचकत होता आणि गाडी हेलकावत होती. समोरून येणारे मोटारसायकलवाले टपावरची पाटी आणि पुढे चाललेली बाई बघून दात काढत जात होते. चौथ्या वळणावर देखावा बघायला थांबायची जागा होती. तिथे तिने गाडी घेतली, स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं आणि त्याच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. दहाबारा माणसं कठड्याला टेकून तळ्याचे फोटो काढत होती. तिने कुणाची भीड ठेवली नाही.

"तुम्ही पुढे जा, नाहीतर घरी जा. माझ्या मागे राहायचं नाही."

"अगं, तुझ्या काळजीने..."

"काळजी असती तर तीस वर्षांपूर्वी शिकवलं असतंत. तुम्ही ओरडता तेव्हा माझं लक्ष तुमच्याकडे जातं. आज मी पडले तर तुमच्या ओरडण्याने पडेन."

कठड्यापाशी कुणीतरी फिसकन हसलं. मास्तरचा चेहरा उतरला. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच कुणी गाडीबद्दल त्याला काही शिकवत होतं. तो स्टीअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला. ती हेल्मेट चढवून निघाली.

आणि पडली. कुणाच्या ओरडण्याने नाही, स्वतःच्या चुकीने. अकराव्या वळणावर डोंगरातून ठिबकणारं पाणी रस्त्यावर पसरलं होतं. लोकांनी हजारदा सांगितलेलं हे वळण, पण ती खाली दरीतल्या ढगाकडे बघत राहिली. ब्रेक जोरात दाबला गेला, मागचं चाक सरकलं आणि क्षणात ती रस्त्यावर. डावा आरसा फुटून दूर उडाला. गुडघ्यातून कळ मस्तकापर्यंत गेली. क्षणभर तिला वाटलं, इथेच पडून राहावं. मागून मास्तर येईल, गाडी टेम्पोत घालील, घरी नेईल. किती सोपं!

या विचारानेच तिला अशी चीड आली की ती उठून बसली.

वरून उतरणारा एक ट्रक आला आणि करकचून थांबला. ड्रायव्हर उडी मारून धावला. "सरका बाजूला, मी उचलतो!"

"गाडीला हात लावू नका," ती धापा टाकत म्हणाली. "तुम्ही येणाऱ्या गाड्या थांबवा. तेवढं करा."

त्याने तिच्याकडे, मग गाडीकडे बघितलं आणि रस्त्याच्या मध्यावर जाऊन हात आडवे केले. तिने गाडीकडे पाठ केली. पहिल्यांदा पाय पाण्यावरून घसरले. दुसऱ्यांदा गाडी निम्मी उठली आणि परत बसली. तिसऱ्यांदा तिने कोरडी जागा बघून टाचा रोवल्या, दात आवळले आणि रेटली. गाडी उभी राहिली. रांगेतल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या, पण तिने वळून बघितलं नाही.

"दवाखाना पलीकडे उतरल्यावर आहे," ट्रकवाला म्हणाला.

"माझा रस्ता तोच आहे," ती म्हणाली आणि सेल मारला.

उरलेली वळणं तिने गोगलगाईसारखी चढली. माथ्यावर चहाची टपरी होती. तिथे ती बाहेरच्या दगडावर पाय लांब करून बसली. एका बाजूला मागे टाकलेलं तळं, दुसऱ्या बाजूला खूप खाली समुद्राची राखाडी पट्टी. चहा अर्धा झाला असेल, तेवढ्यात मास्तरची गाडी आली. तो उतरला तेव्हा त्याच्या हातात फुटका आरसा होता.

"मी वळणावर काचा बघितल्या," तो म्हणाला. "पडलीस?"

"पडले."

"कुणी उचललं?"

"मीच."

तो तिच्या शेजारी बसला. तिला त्याची कणव आली. आरसा त्याने काचेने हात कापेल याचंही भान न ठेवता घट्ट धरला होता. तिने तो त्याच्या हातातून काढून बाजूला ठेवला, आपला उरलेला चहा त्याला दिला.

"बास झालं आता," तो मऊ आवाजात म्हणाला. "घरी चल. निदान मी पुढे गाडी काढतो, तू माझ्या मागून ये."

त्या मऊ आवाजाला होकार देणं फार सोपं होतं, म्हणूनच ती उठली. गुडघा ठणकत होता. "तुम्ही सावकाश खाली जा," ती म्हणाली. "अकराव्या वळणावर पाणी आहे, सांभाळा. मी उद्या येते."

त्याने चहाचा पेला टपरीवर ठेवला. मग गाडी वळवली आणि आलेल्या वाटेने उतरायला लागला. ती समुद्राच्या बाजूने निघाली. दवाखान्यात गुडघ्याला पट्टी बांधून घेतली, किनाऱ्यावरच्या एका साध्या लॉजमध्ये खोली घेतली, आणि अंधार पडेपर्यंत बूट काढून वाळूत बसली. त्या दिवशी तिने कुणालाही फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी ती परतली. त्यानंतर आठवडाभर मास्तरने घाटाचं नाव काढलं नाही. या दरम्यान परीक्षकाची बायको दुकानात येऊन रविवारच्या मैदानाची चौकशी करून गेली, आणि तिच्यामागे आणखी दोघी. शेवटी एका दुपारी जेवताना, ताटातून मान वर न करता मास्तरने विचारलं, "पलीकडचा उतार... कितव्या गिअरमध्ये उतरलीस?"

"दुसऱ्या."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "बरोबर," तो म्हणाला.

"बरोबर की चूक, ते मी तुम्हाला विचारलं नव्हतं," ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला.