बोळक्या तोंडाचं सर्टिफिकेट

भिंगरीने चमच्याशी कट्टी घेतली तेव्हा ती आठ महिन्यांची होती आणि तिच्या तोंडात औषधालाही दात नव्हता. चमचा दिसला की ओठ घट्ट मिटायचे, मान फिरायची आणि घास भिंतीवर जायचा. हाताला लागेल ते मात्र, मग ती चप्पल असो, पेपर असो की आजोबांचा कान, थेट तोंडात. बयेला स्वतःच्या हाताने खायचं होतं. दवाखान्यातल्या नर्सबाईंनीही तेच सांगितलं. बोटाएवढे लांब तुकडे करा, म्हणजे मुठीतून टोक वर राहील. दोन बोटांत दाबला की चुरडेल इतका मऊ हवा. ताठ बसवून द्या आणि समोरून हलू नका. इतकं सोपं. पण भिंगरीच्या आईला, म्हणजे आजोबांच्या सूनबाईंना, सोपं काही मानवत नसे.

त्याला कारण तिची नोकरी. ती लिफ्ट तपासायची. नव्या इमारतीत लिफ्ट बसली की दोर, ब्रेक, दारं सगळं बघून झाल्यावर ती एकटी आत उभी राहायची, वरपासून खालपर्यंत फिरून यायची आणि मगच इतरांना आत सोडायची. काय काय तुटू शकतं याचा विचार करायचाच तिला पगार मिळत होता. अशी बाई भोपळ्याच्या फोडीकडे कशी बघेल?

रजा संपत आली होती. सोमवारी हजर झाली नाहीस तर जागा दुसऱ्याला जाईल, असं साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं. नवरा ट्रक घेऊन आठवडा आठवडा बाहेर. म्हणजे भिंगरीला भरवायला घरात उरले एकटे आजोबा.

आजोबांनी उभी हयात सलून चालवलं होतं. जन्म आरशासमोर गेला म्हणून असेल, पण दिसण्याच्या बाबतीत माणूस भलताच हळवा. गिऱ्हाइकं त्यांना नवरदेव म्हणत. भांग कधी हलायचा नाही, मिशीचा केस जागचा सरकायचा नाही, आणि दात तर असे की लोक विचारत, या वयात हे कसं काय जमतं बुवा? ‘सकाळ-संध्याकाळ घासतो,’ आजोबा सांगत. ते खोटं नव्हतं. हातात धरून घासतो, एवढंच सांगायचं ते टाळत. कवळी बसवल्याचं फक्त बायकोला ठाऊक होतं. ती गेल्यावर पोटच्या पोरालाही त्यांनी पत्ता लागू दिला नाही.

रविवारी सकाळपासून स्वयंपाकघरात युद्धाची तयारी होती. भोपळा, रताळं, गाजर, सफरचंद, सगळं सोलून, बोटाएवढं कापून, वाफवून ताटात मांडलेलं. कापण्याचं काम आजोबांचं. त्यांचा हात अजून पक्का होता, एक फोड दुसरीपेक्षा जाड नाही. सून एकेक उचलायची, दाबायची आणि बाजूला टाकायची.

“अगं, चुरडली की ती.”

“बाबा, मी याच बोटांनी नट आवळते. माझ्या बोटांना काय, लाकूडही मऊ लागेल. हिरड्यांना कसं लागेल ते कुणी सांगायचं?”

मग पुन्हा वाफवायचं. दुसऱ्या वेळी भोपळा इतका शिजला की मुठीत धरताच त्याचा लगदा झाला. भिंगरीने तो केसांना चोपडला आणि उंच खुर्चीत बसून भोकाड पसरलं. बाद झालेल्या फोडी आजोबा गपचूप खात होते. अन्न टाकवत नव्हतं हे खरं, पण खरं कारण निराळं होतं. सून गॅलरीत कपडे वाळत घालायला गेली, तेव्हा त्यांनी प्रत्येकातली एक फोड उचलली, आपल्या खोलीत नेली, कडी लावली आणि कवळी काढून ठेवली. उद्या या पोरीसमोर एकट्याने बसायचं होतं. त्या विचाराने आजोबाही धास्तावले होते, आणि हे ते कुणाजवळ बोलले नव्हते.

भोपळा हिरड्यांवर विरघळला. रताळंही. सफरचंद जरा अडलं, पण गेलं. गाजराची फोड मात्र वरून मऊ आणि मध्ये चिवट निघाली. हिरड्यांनी कितीही दाबलं तरी ती हटेना, नुसती या गालातून त्या गालात फिरत राहिली.

कवळी बसवून ते बाहेर आले तर सुनेच्या हातात गाजरच होतं.

“हे बरंय बघा बाबा. हाताला घट्ट आहे, टोक दाबलं तर चुरडतंय.” बऱ्याच वेळाने तिचा चेहरा खुलला होता. भिंगरी दोन्ही हात पुढे करून खुर्चीत उड्या मारत होती.

“गाजर नको,” आजोबा म्हणाले.

“का? सकाळपासून तुम्हीच तर दे, दे करताय.”

“मध्ये कच्चं आहे.”

“तुम्हाला कसं कळलं?”

आजोबांनी मिशीवरून हात फिरवला. चावून पाहिलं असं सांगावं, तर इतक्या दणकट दातांच्या माणसाला गाजर कच्चं लागेलच कसं? “मला आपलं वाटतं,” ते म्हणाले.

सुनेने गाजर ताटात ठेवलं. ती रागावली नाही, हेच वाईट झालं. “तुम्हालाही भीती वाटतेय ना? मग झालं तर. तुमच्यावर एवढं ओझं टाकून मी जाणार नाही. साहेबांना आत्ताच कळवते, जागा देऊन टाका म्हणून.” आणि तिने फोन उचलला.

नंबर शोधणारा तिचा अंगठा आजोबांनी पाहिला. पहिल्या पगारात तिने त्यांच्यासाठी सलूनची नवी खुर्ची आणली होती. लिफ्टमधून खाली आल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे तेज असायचं, तेही त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. आपल्या मिशीखालच्या थाटापायी ते जाणार असेल, तर आग लागो त्या थाटाला.

“फोन ठेव,” ते म्हणाले आणि त्यांनी कवळी काढून वाटीत ठेवली.

नवरदेवाचा चेहरा क्षणात पंधरा वर्षं म्हातारा झाला. गाल आत गेले, मिशी खाली आली. सून आ वासून बघत राहिली. आजोबांची कानशिलं तापली होती, पण आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. त्यांनी भोपळ्याची फोड तोंडात टाकली आणि ती हिरड्यांनी कशी चेपली जाते ते तोंड उघडून दाखवलं. “पाश.” रताळं. “पाश.” सफरचंद. “अजून एक वाफ दे.” शेवटी गाजर. ते बराच वेळ तोंडात घोळलं आणि जसंच्या तसं तळहातावर परत आलं. “नापाश. टोक बारीक होतं, म्हणून तुला मऊ लागलं. मधला भाग दाबून बघ.”

सुनेने दाबून पाहिलं आणि गाजर दूर सारलं. मग ती बोलली ती हळूच. “म्हणजे तुम्ही आधी एकटेच आत जाऊन खाली-वर फिरून आलात, माझ्या लिफ्टसारखं.”

“आलो. तुझ्याकडून ते व्हायचं नव्हतं, तुला दात आहेत.”

ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. फोन बाजूला ठेवून तिने भोपळ्याची फोड उचलून भिंगरीच्या मुठीत दिली.

भिंगरीने ती आधी डोळ्यात घातली, मग तोंडात. चोखली, चेपली, आणि एकदम ठसकली. तोंड लाल, जीभ बाहेर. सून झेपावणार तोच आजोबांनी तिचं मनगट धरलं. “आवाज येतोय, खोकतेय. नर्सबाई काय म्हणाल्या? आवाज आहे तोवर तिचं ती निस्तरते. गप्प झाली तर मी थांबणार नाही.” भिंगरीने फोडीचा तुकडा पुढे थुंकला, त्याच्याकडे रागाने पाहिलं, आणि उचलून पुन्हा खाल्ला.

दुपारपर्यंत दोन फोडी पोटात गेल्या आणि चार जमिनीवर.

सोमवारी सून कामाचे बूट घालून दारात उभी राहिली. सूचनांची भली मोठी यादी ऐकायची आजोबांनी तयारी ठेवली होती. तिने भिंगरीचा पापा घेतला, सासऱ्यांच्या नीट विंचरलेल्या भांगाकडे आणि चकचकीत दातांकडे पाहिलं, आणि एकच सांगितलं.

“बाबा, आज दात लावू नका.”

समोरच्या बिऱ्हाडाचं दार उघडं होतं, शेजारीणबाई कचरा ठेवायला बाहेर आल्या होत्या. आजोबांनी एकदा तिकडे पाहिलं. मग तिथेच, उंबऱ्यात, त्यांनी कवळी काढून खिशात टाकली आणि सुनेला हसून हात हलवला.