रामधन रथकार

दोरी ओढून ओढून दोघा भटजींच्या तळहातांना फोड आले, तरी अरणीतून धूर काही निघेना. साल अठ्ठावन्न. दिग्रसला पहिल्यांदाच असा वैदिक यज्ञ होत होता, आणि त्यातला अग्नी लाकडावर लाकूड घुसळूनच काढायचा असा नियम. कुणा हौशी माणसाने काडेपेटी पुढे केली आणि साऱ्या मांडवाच्या शिव्या खाल्ल्या.

मंत्र म्हणून म्हणून सत्तरीच्या सदाशिवशास्त्र्यांचा घसा बसला होता. "माझाच स्वर कुठेतरी ढळतोय," ते पुटपुटले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

खांबाआड उभ्या असलेल्या रामधन सुताराने ते पाहिलं. अरणीची लाकडं त्यानेच घडवली होती. बैलगाड्या करण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. चाक फिरताना लाकूड तापता कामा नये, हाच त्याचा तीस वर्षांचा ध्यास. त्यात हे देवाचं काम! काल मोठ्या मायेने त्याने अरणीच्या, दांडा जिथे फिरतो त्या खळगीला जवसाचं तेल चोळलं होतं.

तो गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण म्हाताऱ्याचा तो चेहरा त्याला बघवेना.

"शास्त्रीबुवा, तुमचा मंतर चोख हाय," तो पुढे येऊन म्हणाला. "गोम माह्या लाकडात हाय. म्या त्याले तेल पाजलं."

"तेल? कशाला रे बाबा?" शास्त्र्यांनी विचारलं.

"गाडीले पाजतो तसं. लाकूड तापू नये म्हून."

साऱ्या मांडवाच्या माना रामधनकडे वळल्या. मग शास्त्रीच खो खो हसत सुटले. "अरे, ते तापावं म्हणून तर हा सगळा खटाटोप!"

रामधनने पटाशीने दुसऱ्या टोकाला कोरडी खळगी कोरली, तेल लागलेला वरचा दांडा तासला आणि हत्यारं उचलून तो निघाला. शास्त्र्यांनी त्याचं मनगट धरलं.

"निघालास कुठे? दोरी धर."

"मी? मी त सुतार माणूस, बुवा!"

कुणीतरी मागे कुरकुरलं. शास्त्र्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. "वेदकाळी रथ करणाऱ्याला अग्नी ठेवायचा अधिकार होता. तू गाड्या करतोस ना? मग ओढ!"

रामधनने ओढली. शास्त्र्यांचा बसलेला आवाज पुन्हा चढला. करपल्याचा वास सुटला, धुराची बारीक रेघ निघाली आणि खाली धरलेल्या कापसाने ठिणगी झेलली. "पेटलं! पेटलं!" मांडव दणाणून गेला. हसावं की रडावं हे रामधनला कळेना, म्हणून त्याने दोन्ही केलं.

बायकांच्या गर्दीत टाचा उंचावून उभ्या असलेल्या हंसाबाईने शेजारच्या अनोळखी बाईचा दंड गच्च धरला.

"ते दोरी ओढून राह्यले ना, ते आमच्या घरचे हायेत," ती म्हणाली, आणि तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.